झोपेत चढलेलं बीपी

१

डोळ्यांवरची काळी पट्टी ब्रिंडीने स्वतःच्या हाताने काढली आणि छताकडे बघत ती म्हणाली, "यात काही नव्हतं."

तिच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडवता सोडवता नर्स मारेनचे हात थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे काही झालंच नाही. मागच्या शुक्रवारीही नाही आणि आजही नाही. झोपले नि उठले, एवढंच. बाटलीत पाणी होतं."

हे ती रागाने म्हणाली असती तर मारेनला बरं वाटलं असतं. पण राग यायलासुद्धा माणसाच्या अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

ब्रिंडी केम्प अठ्ठावीस वर्षांची, तीन मुलांची आई. तिसऱ्या बाळंतपणापासून अकरा महिने ती अंथरूण धरून होती. दोन डॉक्टर झाले, चार तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. शेवटी नवरा तिला लोगन गावातल्या या छोट्या क्लिनिकमध्ये घेऊन आला. इथे नैराश्यावर केटामिन हे भुलीचं औषध शिरेतून थेंबाथेंबाने देत. आठवड्याला दोन, अशी एकूण सहा सेशन्स. पहिल्या तीन सेशन्सना ती आरामखुर्चीत पडल्या पडल्या कुठल्या कुठे जाऊन आली होती, आणि तिसऱ्यानंतर घरी जाताना काउंटरवरच्या डोरीनच्या एका फालतू विनोदावर हसली होती. बाळाच्या टाळूला वास असतो हे मी विसरूनच गेले होते, असं ती त्या दिवशी मारेनला म्हणाली होती. मारेनने ते वाक्य तिच्या कागदांत लिहून ठेवलं होतं.

मग चौथं सेशन झालं, काही नाही. आज पाचवं.

"मला आता खरं सांग," ब्रिंडी म्हणाली. "औषधात पाणी होतं, की माझ्यातच आता काही उरलं नाही?"

 डॉक्टर हॅल्वरसन दारात कधी येऊन उभे राहिले, ते दोघींनाही कळलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज जराही न चढवता त्यांनी हात पुढे केला.

"मारेन, औषधाच्या कपाटाची किल्ली दे."

२

डॉक्टरांची चाळीस वर्षं भूल देण्यात गेली होती, त्यामुळे बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला सुई टोचल्याचं नंतर कळावं.

ते म्हणाले की बाटल्यांची मोजणी बरोबर आहे, आणि काळजी त्याचीच आहे. बाटल्या पळवणारा पकडला जातो. शहाणा चोर सुईने औषध काढून घेतो आणि तेवढंच मिठाचं पाणी आत भरतो. उरलेल्या बाटल्या ते तपासणीला पाठवणार होते, पण निकाल यायला दहा दिवस लागणार होते. तेवढं थांबता येत नव्हतं. उद्या चार वाजता ते राज्याच्या नर्सिंग बोर्डाला कळवणार होते. मारेनचा परवाना त्याच क्षणापासून स्थगित. मग चौकशी. ती संपायला सहा महिने लागोत की वर्ष.

"सर, मी काही घेतलेलं नाही."

"मला ते खरं मानायचंय," डॉक्टर म्हणाले. "पण तुझी फाइल बोर्डही वाचणार."

मारेनची त्या क्लिनिकमध्ये फाइल होती. नर्स म्हणून होती, तशी पेशंट म्हणूनही होती. अडीच वर्षांपूर्वी मुलगा ओटिस जन्मला तेव्हा तिच्यावरही असंच आभाळ फाटलं होतं, आणि याच आरामखुर्चीत सहा सेशन्स घेऊन ती उठली होती. पुढे इथेच नोकरीला लागली. लोगनच्या खोऱ्यात सगळ्यांना ते माहीत होतं. जिला एकदा हे औषध लागलं तिच्याच गळ्यात त्याची किल्ली, असं लोक आजवर हसून म्हणायचे. उद्या चारनंतर ते हसून म्हणणार नव्हते. परवाना गेला तर नोकरी जाईलच. पण 'तरीच' हा शब्द एकदा चिकटला की परवाना परत मिळूनही निघत नाही. ओटिस शाळेत जाईल तेव्हा त्यालाही तो ऐकू येईल.

टेबलावर औषधाचं रजिस्टर उघडं होतं. बाटलीत उरलेलं औषध दोघांनी बघत टाकून द्यायचं आणि दोघांनी सही करायची, अशी रीत. मारेनची सही त्या त्या वेळी व्हायची. डॉक्टर आठवड्याभराच्या ओळींवर शुक्रवारी एकदम सह्या करायचे, बहुतेक वेळा दुसऱ्या हातात सँडविच धरून. आज बुधवार होता. तरी आजच्या दुपारपर्यंतच्या प्रत्येक ओळीवर त्यांची सही होती. सकाळी नव्हती.

डॉक्टरांनी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि रजिस्टर मिटलं.

बाहेर डोरीन काउंटरवर बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, आणि कान असे की भिंतीपलीकडचं पान उलटलेलं ऐकू यावं. ती मारेनकडे न बघता म्हणाली, "मी काही बोलत नाही बाई. पण पाणी कुठलं आणि औषध कुठलं, हे चवीनं ओळखणाऱ्या या इमारतीत दोघीच. एक आत बसून रडतेय."

३

निघण्याआधी ब्रिंडीच्या नोंदी पुऱ्या करायला डॉक्टरांनी तिला अर्धा तास दिला. दार मात्र उघडं ठेवायला सांगितलं.

मारेन यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी घेऊन बसली. दर पाच मिनिटांनी बीपी, नाडी, ऑक्सिजन. डोळे त्यांचं काम करत होते. आई झाल्यापासून तिला ती खोडच लागली होती. ओटिस झोपला तरी ती बघत बसायची, श्वास वर गेला का, खाली आला का. रेट, तिचा नवरा, म्हणायचा की या बाईला रात्रपाळीचा पगार कुणीतरी द्यायला हवा.

पट्टीवर ब्रिंडीच्या बीपीचा वरचा आकडा एकशे दहापासून सुरू होऊन वीस मिनिटांत एकशे चौतीसवर गेला होता. पहिल्या तीन सेशन्सना बीपी याहून थोडं जास्त चढलं होतं. केटामिनने चढतंच.

आणि शेजारी मारेनच्याच अक्षरात होतं, "घोरते आहे. ऑक्सिजन नव्वदवर. हनुवटी उचलली." दोनदा.

मारेनने ते पुन्हा वाचलं. ब्रिंडी म्हणाली होती, काही झालं नाही, झोपले नि उठले. सगळ्यांनी ऐकलं ते 'काही झालं नाही'. 'झोपले' कुणी ऐकलंच नव्हतं. मिठाच्या पाण्याने भरदुपारी, दंडाला दर पाच मिनिटांनी करकचून आवळणारा पट्टा बांधलेला असताना, कोण घोरतं? आणि झोपलेल्या माणसाचं बीपी उतरतं. हिचं झोपेत चढलं होतं.

एक गोष्ट तिला खाली ओढत होती, दुसरी वर. म्हणजे अंगात दोन्ही होतं. केटामिन होतंच, आणि सोबत गुंगीचं काहीतरी. मनावरची केटामिनची पकड गुंगीच्या गोळ्यांनी ढिली पडू शकते, म्हणून तर सेशनआधी तसल्या गोळ्यांची चौकशी व्हायची. ब्रिंडीने फॉर्मवर लिहिलं होतं, काही घेत नाही.

मारेन पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, बीपी भीतीनेही चढतं.

"घोरणाऱ्या माणसाला कसली भीती, सर?"

त्यांनी पट्टी हातात घेऊन पुन्हा वाचली. मारेनला वाटलं, सुटले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे तुझं. मी एवढा विचार केला नव्हता. म्हणजे कुणीतरी निम्मं केटामिन काढून घेतलं, आणि पेशंटला कळू नये म्हणून भरपाईला गुंगीचं टोचलं." त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "त्या खोलीत सुई कुणाच्या हातात होती, मारेन?"

४

गुरुवारी सकाळी खोऱ्यावर धुरकट धुक्याचं झाकण बसलं होतं. मारेनला क्लिनिकमध्ये यायची बंदी होती. पण डोरीन साडेनऊला मेन रस्त्यावरच्या, गाडीत बसूनच सोडा मिळणाऱ्या खिडकीशी गाडी लावते हे तिला ठाऊक होतं. चर्चमुळे कॉफी वर्ज्य असलेल्या या गावाची सगळी तलफ त्या खिडकीवर भागायची. डोरीनची तलफ नारळाचं सिरप घातलेल्या बादलीएवढ्या ग्लासाची होती.

मारेन तिच्या गाडीत जाऊन बसली तेव्हा डोरीनने आधी आरशात मागे कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

"माझी नोकरी घालवशील."

"माझी आज चारला जाणारच आहे. दोन प्रश्न विचारते आणि उतरते. तिसऱ्या सेशनपर्यंत ब्रिंडी कशी घरी जायची, आणि नंतरच्या दोन वेळा कशी गेली?"

डोरीनला कुणी विचारणारच हवं होतं. तिने सांगितलं ते असं. पहिल्या तीन वेळा पोरगी आपल्या पायांनी गेली. चौथ्या वेळी दाराच्या पायपुसण्यावरच ओकली. पुसलं कुणी, तर डोरीनने. आणि काल गाडीच्या चाकाशी, दोनदा. डोरीनने मागून कागदी पिशव्या नेऊन दिल्या. त्या पिशव्या मागवायची आठवण ती गेला महिनाभर सगळ्यांना करत होती, पण तिचं ऐकतं कोण.

"न्यायला कोण आलं होतं?"

औषधानंतर पेशंटला गाडी चालवू देत नसत. घेऊन जाणाऱ्याने वहीत सही करायची. डोरीनला वही उघडायची गरज नव्हती. पहिल्या तीन वेळा नवरा टायरेल. मग त्याच्या गोठ्यात गाई विण्याचे दिवस आले, म्हणून चौथ्यापासून आणायला आणि न्यायलाही सासू.

"लारूबाई?"

"लारूबाई. आणि त्यांच्याकडे बोट दाखवायच्या आधी जीभ चावून घे," डोरीन म्हणाली. माजी बिशपांची बायको; या चर्चचा बिशप म्हणजे काही वर्षं कारभार बघणारा गावातलाच संसारी माणूस. पाच मुलं वाढवली, गावात कुणाकडे मयत झालं तर पहिलं जेवण त्यांच्या घरून जातं. "त्या बाईने आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतली नसेल."

मारेनचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उलट्यांपाशीच अडकली होती. पाण्याने उलटी होत नाही. गुंगीच्या औषधाने सहसा होत नाही. केटामिनने होते. म्हणून तर प्रत्येक पेशंटला सेशनआधी घ्यायला उलटी थांबवणारी गोळी दिली जाते, आणि ती पहिल्या तीन वेळा व्यवस्थित लागू पडली होती.

मग चौथ्या वेळी तिला काय झालं?

"उतर आता," डोरीन म्हणाली. "आणि मारेन, काल मी बोलले ते जरा जास्तच झालं. पण तूच घेतलं नाहीस ना?"

५

केम्प मंडळींचं घर वेल्सव्हिलच्या रस्त्याला, गोठ्याला लागून. दार टायरेलने उघडलं. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, डोळे जागरणाने लाल. डॉक्टरांनी सकाळीच फोन केला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"तुम्ही इथे यायला नको होतं," तो म्हणाला. "माझ्या बायकोने तुमच्यावर विश्वास टाकला."

आतून सोफ्यावरून ब्रिंडीचा आवाज आला. "येऊ दे तिला. पहिल्या दिवशी मी घाबरले तेव्हा पाऊण तास हात धरून बसली होती ती. चोरांना एवढा वेळ नसतो."

टायरेल बाजूला झाला, पण दारातच उभा राहिला. स्वयंपाकघरात लारूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून रोलसाठी कणीक मळत होत्या. त्यांनी मान वळवली, "ये मारेन," म्हणाल्या आणि पुन्हा मळू लागल्या. रविवारी चर्चमध्ये भेटल्यावर म्हणतात तसंच, नेमकं तेवढंच.

मारेनने ब्रिंडीला कालची सकाळ उठल्यापासून सांगायला लावली. ब्रिंडी हळूहळू सांगत गेली. सेशनच्या दिवशी तिला जेवायचं नसतं, म्हणून सगळं घरच तिच्यासाठी उपास धरतं. ही सासूबाईंची कल्पना. आठ वर्षांचा थोरलासुद्धा दुपारपर्यंत काही खात नाही. चूल पेटत नाही, टेबलावर पावाचा तुकडा नसतो. "मॉम तर पाण्याचा घोटही घेत नाहीत माझ्यासाठी." सासूला ती मॉमच म्हणायची.

मारेनचा धीर खचायला लागला. उपासाच्या घरात खाण्यापिण्यातून काही जाईल कसं? तिला कुणी सुई टोचली म्हणावं तर दंडावर दुसरी खूण नव्हती, हे मारेनने स्वतः पाहिलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता.

आणि मग तिला वाटलं, आपण चुकीचं विचारतोय. उपास करणाऱ्याला काय खाल्लंस म्हणून विचारलं तर तो काही नाही म्हणणारच. उपास औषधाने मोडत नाही.

"ब्रिंडी, खाणं सोड. तोंडात काय घातलंस?"

"काही नाही. तुमचीच ती गोळी, जिभेवर विरघळणारी."

"घरी घेतलीस?"

"गाडीत. माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मॉमच सोलून हातावर ठेवतात. ती नवी, पुदिन्याची."

क्लिनिकमधून पेशंटला दिली जाणारी उलटीची गोळी स्ट्रॉबेरीच्या चवीची होती. मारेन तिथे आल्यापासून ती बदललेली नव्हती.

स्वयंपाकघरात कणीक मळल्याचा आवाज थांबला.

६

मारेन स्वयंपाकघरात गेली आणि तिने मागे दार लोटलं. बाहेर टायरेल होता, सोफ्यावर ब्रिंडी होती. ब्रिंडीच्या कानावर हे असं पडू नये, एवढंच तिला त्या क्षणी सुचत होतं. त्या पोरीचा अर्धा तोल या घरातल्या माणसांवर उभा होता.

"लारूबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "आम्ही सहा गोळ्यांची पट्टी दिली होती. सेशन्स पाच झाली. पट्टीत एक गोळी उरायला हवी. तीन उरल्या असतील. दाखवता?"

लारूबाईंनी हातांवरची कणीक बोटाबोटाने काढली. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांची पाठ सरळ होती.

"कुठेतरी पडली असेल पट्टी."

"त्या दोन दिवशी तिला तुम्ही दुसरं काय दिलंत?"

"आमच्या घरात कुणी काही घेत नाही, मारेन." त्यांचा आवाज थंड होता. "दारू नाही, कॉफी नाही, तसल्या गोळ्या नाहीत. घोड्यांना भूल द्यायचं औषध माणसांच्या शिरेत सोडण्याचा धंदा तुमचा. तुझ्यावर बालंट आलंय हे कळतं मला. पण ते झटकायला माझं घर सापडलं का तुला?"

"काल तिचा ऑक्सिजन दोनदा खाली गेला," मारेन म्हणाली. "दोन्ही वेळा मी हनुवटी उचलली. उद्या सहावं सेशन आहे. मी तिथे नसणार. दुसरी कुणी असेल, तिला यातलं काही ठाऊक नसेल, आणि तुम्ही गाडीत परत तिच्या हातावर गोळी ठेवाल."

  लारूबाईंनी मागचं दार उघडून धरलं.

"जा. आणि पुन्हा येऊ नकोस."

मारेन घराला वळसा घालून पुढे आली. टायरेल पायऱ्यांवर उभा होता. ती त्याला म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण उद्याचं सेशन थांबवा. आणि यापुढे गोळी तुम्ही द्या, तुमच्या हाताने, आमच्या पाकिटातली." 

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. तिला सगळं कळलं होतं. आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. पट्टी त्या घरात होती, आणि ते घर आता तिला कायमचं बंद झालं होतं. बाईंनी ती एव्हाना जाळलीही असेल.

७

चारला दहा मिनिटं असताना ती क्लिनिकमध्ये शिरली. बंदी मोडल्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. फोन त्यांच्यापुढे होता, नंबर लिहिलेला कागद शेजारी.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. पोरगी झोपली, म्हणजे गुंगीचं काही होतं. झोपेत बीपी चढलं, म्हणजे केटामिनही होतं. दोन्ही वेळा उलटी झाली, म्हणजे उलटीची गोळी पोटात गेलीच नव्हती. तीन खुणा, आणि तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात. उलटीच्या गोळीच्या जागी दुसरी गोळी गेली. पहिल्या तीन वेळा नवऱ्याने दिली तेव्हा असं झालं नाही. सासूने दिली तेव्हा दोन्ही वेळा झालं.

डॉक्टर हुशार होते. शेवटच्या वाक्याच्या आधीच त्यांचा चेहरा बदलला होता.

"जुळतंय," ते म्हणाले. "पण बोर्डाला मी काय दाखवू? आरोप आलेल्या नर्सने रचलेली गोष्ट?"

"पट्टीत तीन गोळ्या असतील."

"पट्टी कुठाय?"

 डॉक्टरांनी मान खाली घालून फोन उचलला. त्यांनी तिसरा आकडा दाबला तेव्हा बाहेर डोरीनची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा आवाज, नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली. "लारूबाई? तुम्ही?"

लारूबाई रविवारच्या कोटात होत्या. त्यांनी पर्समधून दोन पट्ट्या काढल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत तीन गोळ्या होत्या. दुसरी अर्धी रिकामी, त्याच आकाराच्या पांढऱ्या गोळ्यांची, वर लारूबाईंचं नाव आणि शेजारच्या गावातल्या औषधाच्या दुकानाचं लेबल.

डॉक्टर फोन ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, आत या, आत बसून बोलू.

"नको. इथेच बोलते. आत बोलले तर ते पुन्हा आतच राहील." त्यांनी मारेनकडे पाहिलं, डोरीनकडे पाहायचं टाळलं. "टायरेल झाला तेव्हा मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. याला काही नाव असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी या गोळ्या दिल्या. तेहतीस वर्षं झाली. नवऱ्याला ठाऊक नाही, तो बिशप होता तेव्हाही नव्हतं. रोज सकाळी एक घ्यायची आणि दिवसभर उभं राहायचं. ब्रिंडी इथून घरी आली की रडायची, हसायची, मेलेल्या आजीशी बोलले म्हणायची. मला त्याची भीती वाटायची. मला जिने उभं ठेवलं, ती तिलाही ठेवेल असं वाटलं." त्या थांबल्या. "आणि तुमचं औषध निकामी ठरलं तर बरंच, असंही वाटलं. तेही लिहून घ्या."

डोरीनच्या हातातलं पेन खाली पडलं होतं. लारूबाईंनीच ते उचललं, कोरा कागद मागितला आणि काउंटरवर उभ्या उभ्या सगळं लिहून सही केली. एकदाच थांबल्या, मारेनच्या आडनावाचं स्पेलिंग विचारायला.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. मग ते मारेनला म्हणाले की त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं, हे ती समजून घेईल.

"घेते, सर," मारेन म्हणाली. "बोर्डाला फोन मात्र कराच. हे सगळं सांगा, आणि रजिस्टरमधल्या तुमच्या सह्या कधी झाल्या तेही सांगा. ते मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं दिसेल."

ते आत गेले. काचेतून ते नंबर लावताना दिसले, आणि बोलताना एका हाताने रजिस्टर उघडताना.

मारेन बाहेर आली तेव्हा लारूबाई गाडीशी उभ्या होत्या. दार उघडं होतं, पण त्या बसत नव्हत्या.

"मुलाला सांगून आले," त्या म्हणाल्या. "तो उठून गोठ्यात गेला. ब्रिंडीनेच कोट काढून दिला मला. म्हणाली, आधी मारेनकडे जा, माझ्याशी नंतर बोला." मग त्यांनी विचारलं, "या गोळ्या मी आता फेकून देऊ?"

"एकदम सोडू नका. जिवावर बेतेल. डॉक्टर हळूहळू कमी करतील, वर्षही लागेल."

लारूबाईंनी मान हलवली. आतमध्ये डोरीन फोनवर होती, ओठ भराभर हलत होते. दोघींनी ते पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत गावभर?"

"त्याआधीच," मारेन म्हणाली.

"तुझंही असंच कळलं होतं ना सगळ्यांना. मग तू रविवारी चर्चला कशी आलीस?"

"पहिल्या रविवारी नाही आले. दुसऱ्या रविवारी आले, अगदी मागच्या बाकावर बसले, आणि ओटिस रडल्याचं निमित्त करून उठून गेले. तो रडत नव्हता. तिसऱ्या रविवारी शेवटपर्यंत बसले."

लारूबाईंनी गाडीच्या दारावर हात ठेवला.

"मागच्या बाकावर जागा असते?"

"नसते. बाळवाले सगळे तिथेच असतात," मारेन म्हणाली. "मी लवकर जाऊन धरून ठेवते."